बोल्टावरचा एफ

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचे पाच वाजले असतील, जीपचं इंजिन हातानं फिरवून चालू करायचं हँडल असं उलटं फिरलं की माझ्या हातातून सुटून शेजारच्या लेथवाल्याच्या पायरीवर जाऊन आपटलं. तो आतनंच ओरडला, "मिस्त्री, जिवंत आहे काय?" मी आधी अंगठा बघितला. होता जागेवर.

आमचे वस्ताद हँडल मारायला शिकवताना पहिले आठ दिवस हँडलला हातच लावू देत नसत. नुसता अंगठा कुठं ठेवायचा ते शिकवायचे. चार बोटांच्याच बाजूला, हँडलला विळखा घालायचा नाही. आणि हिसका खालून वर ओढायचा, वरून अंग टाकून दाबायचं नाही. इंजिन उलटं आलं तर हँडल हातातून निसटून जातं, हाड राहतं. वस्तादांचं स्वतःचं डावं मनगट वाकडं होतं. ते का, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

जीप राधानगरी बाजूच्या एका शेतकऱ्याची. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. त्यांच्या वडिलांनी महायुद्ध संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा घरच्यांनी मूळचं इंजिन उतरवून डिझेल बसवलं. तेव्हा सगळेच तेच करत होते, मीही हातानं पाच-सहा जीपांची ती गत केली आहे, लपवत नाही. उतरवलेलं इंजिन गोठ्यात पोत्यांखाली राहिलं आणि पुढं डिझेलही थकल्यावर जीप उसाच्या खोपीत गेली. आप्पांचा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याच्या डोक्यात बसलं की ही मूळच्या पेट्रोल इंजिनावर चालताना बघायची, दसऱ्याला. कोल्हापूरकराला दसऱ्याचं वेड सांगावं लागत नाही. दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते ती मी पहिल्यांदा वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली. पालखी आठवत नाही, गाडी आठवते. मिस्त्री होण्याची लक्षणं.

तर उद्यमनगरात माझ्याकडं ती ट्रॅक्टर ट्रॉलीतून आली. धुराड्यात कुंभारीण माशीनं मातीची घरं केलेली. गोठ्यातल्या इंजिनाचे दोन व्हॉल्व्ह गंजून उघडेच अडकलेले. ह्या इंजिनाला व्हॉल्व्ह हेडात नसतात, ब्लॉकमध्ये बाजूला असतात, त्यामुळं बाजूचं झाकण काढलं की स्प्रिंगा समोर दिसतात. रॉकेल आणि गिअर ऑइल पाजत, लाकडी हातोडीनं टिचक्या मारत चार दिवसांत ते सोडवले. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग यात पावसाळा गेला. पिस्टन पुतण्यानं अमेरिकेतून मागवले. बाकीचं इथल्याच लेथवर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वेळ आणि पैसा लागतो.

सांगण्यासारखी गोष्ट रंग खरवडताना घडली. हिरव्याखाली पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली मिलिटरीचा मळकट हिरवा. बंपरच्या बोल्टाचं डोकं ब्रशनं साफ केलं तर त्यावर वळणदार एक इंग्रजी अक्षर. एफ. शेजारच्या बोल्टावर तेच. स्प्रिंगच्या शॅकलवर तेच. मी पुतण्याला फोन लावला.

आपल्याकडं युद्धातली कुठलीही जीप म्हणजे विलिस. घरचे सत्तर वर्षं तेच म्हणत होते. पण विलिस कंपनीला सैन्याला पुरतील इतक्या गाड्या काढणं जमेना, म्हणून अमेरिकन सरकारनं तोच आराखडा फोर्डलाही दिला. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. विलिसची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू, आणि त्यातला डब्ल्यू विलिसचाच. समोरून बघून ओळखू येत नाहीत. नऊ फटींची पत्र्याची जाळी मूळची फोर्डची, पुढं विलिसनंही तीच घेतली. पण फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा, एफ ठोकला. आणि चासीचा रेडिएटरच्या पुढचा आडवा दांडा विलिसला गोल पाइपचा असतो, फोर्डला पन्हाळीसारखा, उपडा. मी गाडीखाली सरकून हात फिरवला. पन्हाळ.

पुतण्या पुण्याहून रातोरात आला. आधी खूश, मग त्यानं इंजिनाचा नंबर बघितला आणि तोंड उतरलं. ब्लॉकवर एमबी. म्हणजे चासी फोर्डची, इंजिन विलिसचं. "मिस्त्री काका, मॅचिंग नाही हो," असं तो ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात लोक पत्रिका जुळत नाही म्हणतात. मी त्याला समजावलं, अरे दादा, ह्याचा नट त्याला बसावा म्हणूनच तर केली होती ही गाडी. लढाईत वर्कशॉपवाले काय नंबर जुळवत बसणार? त्याला पटलं नाही. आप्पांना सांगू नका म्हणाला. मी कशाला सांगतो.

आता त्या संध्याकाळकडं येतो.

सकाळपर्यंत सगळं बसलं होतं. दुपारी बघितलं तर ऑइल पंपाच्या पॅकिंगमधून तेल पाझरत होतं. मी जेवायला जाताना हाताखालच्या बारक्याला म्हटलं, पंप काढ, कागदाचं नवं पॅकिंग काप, बसव. पोरगं हुशार, हात साफ. पाच वाजता आप्पा आले, खुर्ची टाकून बसले. सेल्फ होता. ह्या जीपला तो पायानं दाबायचा असतो. पण नव्यानं बांधलेलं इंजिन मी पहिल्यांदा हँडलनंच फिरवतो. कॉम्प्रेशन हाताला कळतं, कुठं काही अडलं तरी कळतं. तर ते कळलंच.

हँडल उलटं येतं म्हणजे ठिणगी फार लवकर पडते. पुतण्या म्हणाला, "टायमिंग तर तुम्ही काल लावलं." लावलं होतं, दिवा धरून. मग प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आमच्या भाषेत डेलको, हलला का? नट घट्ट. एक नंबरचा प्लग काढला, भोकावर बोट धरून बारक्याला इंजिन फिरवायला लावलं, हवा बोटाला ढकलायला लागली तशी फ्लायव्हीलवरची खूण जुळवली. डेलकोची टोपी उचलली. आतल्या फिरत्या रोटरनं एक नंबरच्या वायरीकडं बघायला हवं होतं. ते भलतीकडंच बघत होतं.

मी बारक्याकडं बघितलं. तो जमिनीकडं.

"पंप बसवताना आत जाईना," तो म्हणाला. "मग रोटर जरा फिरवला. मग बसला."

तिथंच सगळं आलं. ह्या इंजिनात ऑइल पंप ब्लॉकच्या एका बाजूला आणि डेलको दुसऱ्या बाजूला, पण दोघांचा दांडा एका रेषेत. कॅमशाफ्ट पंपाचं गिअर फिरवतं आणि पंपाच्या दांड्याच्या खाचेत डेलकोची जीभ बसलेली असते. पंप एक दात चुकून बसला की डेलको न हलवता टायमिंगचा बट्ट्याबोळ. पोराला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी? मी. पंप काढला म्हणजे दिव्यानं पुन्हा तपासायचं, हे मला माहीत असून आप्पा आलेत म्हणून मी थेट हँडलला हात घातला. आप्पांसमोर मी ते बोललो. बारक्याची मान तेव्हा वर आली.

डेलको फिरवून किंवा वायरी पुढं-मागं करून वेळ मारून नेता येते. तसं केलेली एक जीप माझ्याकडं पूर्वी आली होती आणि त्या माणसाला मी मनात दिलेल्या शिव्या मला आठवत होत्या. पंप काढला. आणि लाइट गेली.

मोबाइलच्या उजेडात तेलकट हात चालत नाहीत. मी जाळीमागं हात घालून पंखानट सैल केला आणि पुढचा दिवा उलटा इंजिनावर वळवला. ह्या जीपांचे दिवे बिजागरीवर असतात, रात्री इंजिन बघता यावं म्हणून असे मागं वळतात. सहा व्होल्टची बॅटरी, उजेड हळदीसारखा पिवळा, पण पुरला. पुतण्याला हे माहीत नव्हतं. इतके फोटो बघून माहीत नव्हतं. तो मोबाइल खिशात घालून वाकून बघत राहिला.

पहिल्या खेपेला दात पुन्हा चुकला. दुसऱ्या खेपेला खाच तिरकी. तिसऱ्यांदा बारक्याच्या हातानं बसवला, मी नुसतं रोटरवर बोट ठेवून होतो. आत जाताना रोटर आपसूक थोडं वळलं आणि एक नंबरसमोर येऊन थांबलं. मग दिवा लावून टायमिंग तपासलं. दोनदा.

साडेआठला हँडल मारलं. पहिल्या हिसक्याला फुसकन. दुसऱ्याला धरलं.

डिझेल जीपचा खडखडाट ऐकून कान किटलेल्या माणसाला हे इंजिन चालू झालं हेच आधी कळत नाही. हलका, एकसारखा पुटपुटाट. ऑइल प्रेशरचा काटा चढला. लेथवाला हात पुसत बाहेर आला. आप्पा उठून बोनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"हेच इंजिन," ते म्हणाले.

पुतण्यानं त्या भरात सांगून टाकलं. "आप्पा, हे ह्या गाडीचं नाही. गाडी फोर्ड आहे, इंजिन विलिसचं."

"असंल की. दोन घेतल्या होत्या आबांनी."

"दोन?"

"एक चालवायला, एक खायला." मग आम्हाला कळेना म्हणून जरा चिडूनच, "हिचं काय मोडलं की तिचं काढून घालायचं. स्पेअर कुठनं आणायचा तवा? इंजिन तिचंच चांगलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असंन, कंदील धरला होता."

पुतण्याचा आवाज बसला. "मग दुसरी कुठं गेली?"

"पत्रा भंगारात गेला. चासी हाय की. विहिरीवर."

दसरा झाला. जीप चौकापर्यंत गेली आणि आली. वाटेत पंपावर पेट्रोलसाठी चालकाची सीट उचलावी लागते, टाकी तिथंच असते, तर पंपावरच्या पोरानं लोकांना बोलावून दाखवलं. पुढच्या रविवारी पुतण्यानं मला गावी नेलंच.

चौकोनी दगडी विहीर, एका कोपऱ्यावर तिरकी टाकलेली चासी, त्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटर. मी कठड्यावर पालथा पडलो आणि पुतण्यानं मागून माझे पाय धरले. काळं वंगण आणि पाखरांची घाण खरवडत पुढच्या दांड्याला हात पोचला. गोल. पाइप.

"विलिस," मी आतूनच ओरडलो.

पुतण्यानं माझे पाय सोडले नाहीत एवढं नशीब. तो लगेच आप्पांकडं वळून चासी कधी उचलायची ते विचारायला लागला. आप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"आणि मोटर कशावर ठिऊ? तुझ्या डोस्क्यावर?"