सातचा पेपर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी बरोबर सातला येतात. त्या वेळी मी पेपर वाचत असतो. परवा त्या बायकोला म्हणाल्या, "सरांचं बरं आहे, पेपर वाचण्यापलीकडे काही कामच नाही." बायकोनं लगेच मान डोलावली, ते सोडा. पण २४ तासांतून एकदा, तेही त्याच ठोक्याला डोकावलं, तर दुसरं दिसणार काय?

हाच घोटाळा माझ्या टेबलावर झाला होता. तिथे एक्सपआइज असते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरनं शिकण्या-शिकवण्यातल्या प्रयोगांसाठी तयार केलेली, यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायची डबी. तिच्या ए१ला, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या खाचेला, वायर लावली आणि मोकळं टोक नुसतं चिमटीत धरलं. घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० लाटा, आपल्या अंगातही थोडे उतरतात, ते पडद्यावर दिसायला हवे होते.

मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'गेट व्होल्टेज' ही आज्ञा लूपमध्ये टाकली, म्हणजे पुन्हा पुन्हा चालत राहील अशी. कॉम्प्युटर विचारतो, डबी एक आकडा सांगते आणि गप्प बसते. बॅटरी तपासायला किंवा चहा कसा निवतो ते बघायला एवढं पुष्कळ. पण इथली एक लाट २० मिलिसेकंदांत संपते. बरोबर तेवढ्याच अंतरानं विचारलं तर दर वेळी लाटेची तीच जागा हाती लागणार आणि आलेख सपाट येणार, म्हणजे मावशींचा पेपर! २१ मिलिसेकंदांनी विचारलं तर गंमतच. प्रत्येक आकडा लाटेवर १ मिलिसेकंद पुढचा, आणि ४२० मिलिसेकंदांत एक सुबक लाट तयार. दिसायला देखणी, पण निव्वळ खोटी. माझ्या नशिबी तीही नव्हती. कॉम्प्युटर मध्येच स्वतःची शंभर कामं उरकायला जातो, त्यामुळे दोन प्रश्नांतलं अंतर कधी असं, कधी तसं. पडद्यावर नुसता खरडा.

'कॅप्चर' या दुसऱ्या आज्ञेचा स्वभाव वेगळा. ४०० आकडे घे, दोहोंत १०० मायक्रोसेकंद ठेव, एवढं सांगून आपण बाजूला व्हायचं. डबी स्वतःच्या घड्याळावर मोजते, स्वतःजवळ साठवते आणि शेवटी सगळी चवड एकदम हवाली करते. ४० मिलिसेकंद, दोन लाटा. जराशा वाकड्या होत्या, पण खऱ्या. वायर सोडली की रोडावत, धरली की पुन्हा फुगत.

वीज साठवणारा कपॅसिटर भरताना बघायचा, तर तो याहून घाईचा. वीज अडवणारा रेझिस्टर १ किलोओहमचा, कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा, की पाचेक मिलिसेकंदांत तो भरून खेळ खलास. तिथे व्होल्टेज चढवणं आणि त्याच क्षणी मोजायला लागणं, दोन्ही डबीवरच सोपवावं लागतं. लॅबमध्ये स्टॉपवॉचचे दिवस होते तेव्हा आम्ही मुद्दाम १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तगडा रेझिस्टर लावायचो. पोरांना आकडे लिहायला सवड नको?

दोन्ही आलेख बायकोला दाखवून मावशींची चूक कुठे होते ते मी साग्रसंगीत समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी दिवसभर घरात असते," ती म्हणाली. "सातला पेपर, आठला पेपर, आणि अकराला त्याच पेपरातलं शब्दकोडं."