दिल्लीला जपानी शिकायला गेले त्याआधीची धावपळ – माझा अनुभव

बारावी आर्ट्सला असल्यापासून परकीय भाषेचीच डिग्री करायची हे डोक्यात पक्कं होतं, पण घरी अडीच एकर कोरडवाहू कापूस आणि माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाते, त्यामुळे भाषा कोणती हा नंतरचा प्रश्न, आधी पैशांचं. आमच्या खान्देशातून सगळे पुण्यालाच जातात म्हणून मी पण पुणंच बघत होते. एका प्रायव्हेट ठिकाणची फी, कॉट बेसिसवर खोली, मेस, सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. मामांनी ते पान वाचलं, वही मिटली आणि काहीच बोलले नाहीत.

तेव्हा कळलं की नुसती फी बघून काही होत नाही, खरा खर्च राहण्या-खाण्याचा. मग हॉस्टेलवाली सेंट्रल युनिव्हर्सिटी शोधायला लागले, हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) आणि दिल्लीची जेएनयू. जेएनयूची बीए ऑनर्सची ट्युशन फी वर्षाला काहीशे रुपयेच आहे हे मी दोनदा वाचलं, मला वाटलं महिन्याची असेल. आणि भाषा पहिल्या अक्षरापासून शिकवतात, आधी काही यावं लागत नाही.

2022 पासून तिथलं बीएचं अ‍ॅडमिशन सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतं. मला इंग्रजी आणि जनरल टेस्ट द्यायची होती, बरोबरला 5 मार्क आणि चुकलं की 1 कट. जनरल टेस्ट मराठीतून देता येते हे फॉर्म भरताना दिसलं तेव्हा खूप धीर आला.

खरी अडचण आली दाखल्याची. माझ्याकडे ओबीसी नॉन क्रिमीलेअर होतंच, मी निवांत होते. पण ते राज्याच्या नमुन्यातलं, सेंट्रलला केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं, तेही त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं, आणि जात केंद्राच्या यादीत पाहिजे. हे मला कोणीच सांगितलं नाही. मे महिन्याच्या उन्हात आप्पा, म्हणजे माझे वडील, तीन खेपा सेतूवर गेले, रोजची मजुरी बुडाली ती वेगळीच. तुम्ही भरणार असाल तर हे काम सगळ्यात आधी करा, रिझल्टची वाट बघू नका.

गावात तर काय, "पोरीले इतलं दूर धाडशी का रे भो?" आप्पा म्हणाले, भुसावळहून डायरेक्ट गाडी आहे.

भाषा जपानी का घेतली, तर मोबाईलवर हिरागाना या जपानी लिपीची 46 अक्षरं गिरवत होते तेव्हा लक्षात आलं की वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. "वाताशी वा गाकुसेई देस", मी विद्यार्थिनी आहे. आपण नामाला ला, ने, चा लावतो तसंच त्यांचंही शब्दामागे काहीतरी लागतं. कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्रासारखी अक्षरं, अवघड आहे, खूप अवघड आहे, रोज रात्री लिहून काढते. पण वाक्य जुळवताना मी कधी अडखळत नाही, आधी अहिराणी, मग मराठी, आता हे.