नऊ व्हॉइस नोट, एक हलगी आणि रिक्षाचा पेनड्राइव्ह

आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान असतंय. कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखं बांधीव काय नाही, माळावर लाल माती टाकून आखाडा करतात आणि भोवतीनं माणसं बसतात, पण पुकारायला रिक्षा पायजेच, आठवडाभर आधीपासनं कळंबा, पाचगाव, मोरेवाडी अशी फिरत असती. यंदा पुकारा मामांच्या आवाजात करायचा ठरलं, मैदानात निवेदनही तेच करतात. रिक्षावाल्यानं आधीच सांगून ठेवलेलं, "भावा, एकच फाईल दे, एमपीथ्री. तुकडं दिलंस तर मशीन आपल्या मनानं वाजवतंय." आणि मामांनी व्हॉट्सॲपवर पाठवल्या ९ व्हॉइस नोट!

एका दमात बोलायला जमत नव्हतं म्हणे, एकात तारीख विसरले, एकात एक नंबरच्या कुस्तीचं बक्षीस चुकीचं सांगितलं मग ते दुरुस्त करून सगळ्यात शेवटी परत पाठवलं, आणि एकात मागं मामींचा कुकर शिट्टी मारालाय. शिवाय तालमीतल्या पोरानं हलगी-घुमक्याची क्लिप वेगळी पाठवलेली, ती सुरुवातीला आणि शेवटी लावायची.

माझ्याकडं लॅपटॉप ऑफिसचा, त्यात सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही, त्यामुळं जे काय करायचं ते ब्राउजरमध्येच. व्हॉट्सॲप वेबवरनं नोट उतरवल्या तर फाईलच्या नावात तारीख-वेळ येते, म्हटलं नावानं सॉर्ट केलं की झालं काम. कुठलं काय, दुरुस्तीची नोट शेवटची होती ना, ती नवव्या नंबरला जाऊन बसली, आणि चुकीचं बक्षीस तिसऱ्यावर तसंच. मग प्रत्येक ऐकून ०१, ०२ अशी नावं दिली. खरं सांगू का, अख्ख्या कामातला अर्धा वेळ ह्यातच गेला, पण हे आधी केलं नसतं तर पुढं डोकं फुटलं असतं.

ऑडिओ जोडायची पहिली साइट उघडली तिला ह्या नोटांच्या ओग फाईलीच चालत नव्हत्या. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट एमपीथ्री नसतात, ओग फाईलीत ओपस पद्धतीनं साठवलेल्या असतात. दुसरीनं सगळं निमूट घेतलं, सर्व्हरवर चढवलं (आमच्या गावातल्या नेटवर, म्हणजे चहा पिऊन आलो तरी निम्मंच), जोडलंही, आणि डाउनलोड दाबल्यावर म्हणाली आधी अकाउंट काढा आणि पैसे भरा. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

तिसरी बरी निघाली. ती फाईल कुठं पाठवत नाही, सगळं ब्राउजरच्या आतच करते. विश्वास बसेना म्हणून पेज उघडल्यावर वायफाय बंद करून बघितलं, तरी चालू. फाईल ओढून टाकायच्या, वरखाली सरकवून क्रम लावायचा, बास. पण एक आहे, तिथं काहीही सेव्ह होत नाही. मी सातव्या क्लिपपर्यंत लावलं आणि चुकून पेज रिफ्रेश झालं, सगळं साफ. परत पहिल्यापासनं.

जोडून ऐकलं तर दोन भानगडी. एक म्हणजे क्रॉसफेड आपोआप चालू होता, म्हणजे एक क्लिप संपता संपता दुसरी तिच्यावर चढते. गाण्याला छान वाटत असेल, पण इथं "यायचं आहे" चा "आहे" आणि पुढच्या पैलवानाचं नाव एकमेकांत कालवलं. तो बंद केला. मग उलटं झालं, मामा श्वासच घेईनात, एका वाक्याला दुसरं चिकटलेलं. मधी गॅप टाकायची सोय दिसली नाही, तेव्हा मोबाईल कपाटात कपड्यांत ठेवून १ सेकंदाची शांतता रेकॉर्ड केली (पहिल्यांदा खोलीत केली तर फॅनची घरघर आली) आणि तीच क्लिप प्रत्येक दोन नोटांच्या मधी टाकली. जुगाड आहे पण जमलं.

दुसरी भानगड आवाजाची. हलगी कान फाडती आणि मामा विहिरीतनं बोलल्यासारखे. प्रत्येक क्लिपला आवाजाची पट्टी होती, हलगी निम्म्यावर आणली, मामा वाढवले. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून ठरवलं, हेडफोनवर सगळंच गोड लागतंय.

शेवटी २ मिनिट २० सेकंदांची फाईल. एक्सपोर्ट करताना वेव्ह (आवाज न दाबता तसाच ठेवणारा प्रकार) निवडलेलं होतं, ती झाली २४ एमबीच्या वर. एमपीथ्री १२८ केबीपीएसवर केली तर सव्वादोन एमबीच्या आसपास, आणि रिक्षाच्या भोंग्यावर फरक कळणार कुणाला?

संपलं म्हणावं तर पेनड्राइव्ह मशीनला दिसेना. तो एनटीएफएस ह्या प्रकारात फॉर्मॅट केलेला होता, मशीनला ते वाचता येईना, परत फॅट३२ ह्या जुन्या प्रकारात केला. तोवर रिक्षावाल्यानं आपलाच जुना पेनड्राइव्ह पुढं केला, "ह्यात टाक", टाकली, आणि लावल्यावर वाजलं काय तर मागच्या महिन्यातला साड्यांचा सेल. ते मशीन नावाकडं बघत नाही, जी फाईल आधी कॉपी झाली ती आधी वाजवतंय. सेल उडवला, तेव्हा कुठं हलगी घुमली.

संध्याकाळी रिक्षा आमच्या दारावरनं गेली. कुकरची शिट्टी काढायची राहूनच गेलेली, बरोबर "एक नंबरची कुस्ती" म्हटल्या म्हटल्या वाजली. मी तोंड लपवालोय तर मामा खूश, "पंचाची शिट्टी कुठनं घातलीस रं, लई बेस बसलीया!"

मामींना तेवढं कळलंय. त्या अजून हसालत्या.