पडदे वहिनींनी शिवले का?

घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा पाण्याचा पेला हातात घेतो, खिडकीकडे बघतो आणि म्हणतो, "पडदे छान आहेत हो. वहिनींनी शिवले का?" मी शिवले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुम्ही? आणि त्यात वाचतं किती?" गल्लीतल्या टेलरमामांना यातलं काहीच कोणी विचारत नाही. असो, घरी पडदे शिवून वाचतं किती, हे तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पैसे फारसे वाचत नाहीत. चांगलं सुती कापड, मांजरपाटाचं (साध्या जाडसर सुती कापडाचं) अस्तर, रॉड असं सगळं धरलं तर फरक किरकोळच. माझी अडचण मापाची होती. तयार पडदे ५, ७ नाहीतर ९ फुटांचे. आमचं घर कोल्हापुरातलं, जुनं. खिडक्यांना वर दोन दारं, खाली दोन. खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावला की रस्त्यावरून कोणी डोकावत नाही आणि वरून उजेड-वारा येत राहतो. हा अर्धा पडदा तयार मिळेना. आईच्या वेळी तो स्प्रिंगच्या तारेत ओवलेला असे. वर्षभरात तार मधोमध लोंबायची, की पडदाही लोंबायचा.

आईचंच पायमशीन होतं. धाडस करून इचलकरंजीचं कापड आणलं, त्याच दिवशी शिवलं, टांगलं. दोन दिवस रुबाब. पहिल्या धुण्यानंतर पडदे चौकटीपासून दीड इंच वर! पोराची गेल्या वर्षीची विजार यंदा दिसावी तसे.

चूक माझी. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे लांबीच्या उभ्या धाग्यांना, खळ देतात आणि विणताना तो ताणलेला असतो. कापडाला पाणी लागलं की खळ सुटते, ताण सैल होतो आणि कापड लांबीत आटतं. म्हणून आता कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात. वाळवून, इस्त्री करून मगच टेप हातात घ्यायची.

हिशेब सोपा आहे. माझी खिडकी ४ फूट रुंद. चुण्या बऱ्या दिसायला दुप्पट कापड हवं, म्हणजे ४८ इंच पन्ह्याचे (कापडाच्या रुंदीचे) दोन तुकडे. तयार उंची ३० इंच, खालची ३ इंचांची दुहेरी दुमड म्हणजे ६, वर रॉड जायला ४. झाले ४०. आटण्यासाठी २ वाढवा. दोन तुकड्यांचे ८४ इंच, दुकानात सव्वादोन मीटर मागायचं.

खरी परीक्षा कापण्यात असते. छापील नक्षीवर विसंबून कात्री चालवली की पडदा तिरका टांगतो, कारण नक्षी कित्येकदा धाग्याला धरून छापलेली नसते. मी कडेला छोटा काप देतो आणि साधं सुती कापड सरळ टर्रकन फाडतो. आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटतं. बायको पहिल्यांदा तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून धावत आली होती.

शिवण म्हणाल तर सरळ टीप. ना बाही, ना गळा. १४ नंबरची सुई, इंचाला सात-आठ टाके. बारीक टाके घातले तर उसवताना रडू येतं, आणि उसवावं लागतंच. दाराचे लांब पडदे मात्र खालची दुमड न घालता तीन-चार दिवस तसेच टांगून ठेवतो. कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, मग टाचण्या लावून खालची रेघ ठरवायची.

आईच्या एका सुती साडीचेही पडदे केले होते. पन्हा तोच ठेवला, त्यामुळे दोन्ही बाजूंना काठ आले, बाजूची दुमड वाचली. काय दिसायचे! पण खिडकी पश्चिमेची, अस्तर लावलं नव्हतं. दोन उन्हाळ्यांत कापड इतकं विरलं की ओढताना बोट आरपार गेलं. तेव्हापासून मांजरपाटाशिवाय काही टांगत नाही. उरलेला काठ डब्यात आहे, अजून कशाला लावला नाही.

आणि ते पहिले आखूड पडदे? न्हाणीघराच्या खिडकीला आहेत. तिथे अगदी मापात बसले.