जळालेले थिएटर आणि जमीन नसलेल्या नर्तकी

पॅरिसचे ‘पाले गार्निए’ हे ऑपेरागृह पाहायला येणाऱ्या बहुतेकांना तिथल्या संगमरवरी जिन्यावर स्वतःचा फोटो हवा असतो, आणि त्या गर्दीतून वाट काढतानाच माझा निम्मा उत्साह संपला. शिवाय मी जुन्या बॅलेच्या नेपथ्याच्या शोधात होते, आणि मला हवे असलेले थिएटर हे नव्हेच. ‘ला सिल्फीद’ (१८३२) आणि ‘जिझेल’ (१८४१) ही बॅले ज्या रंगमंचावर पहिल्यांदा झाली, ते ऑपेराचे जुने थिएटर ल पेल्तिए रस्त्यावर होते आणि १८७३ साली आगीत भस्मसात झाले. त्या रस्त्याने मी भर पावसात टोकापर्यंत चालत गेले; थिएटरची खूण म्हणावी असे मला तिथे काहीच दिसले नाही. पॅरिसचे बाकीचे दिवस चारचौघांसारखेच गेले.

त्या काळच्या रंगमंचाची गाठ पडेल ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, कागदावर, अशी माझी समजूत होती. नृत्यशिक्षिका मारी राम्बेर यांनी दिलेली रोमँटिक बॅलेची, म्हणजे ‘ला सिल्फीद’-‘जिझेल’च्या काळातल्या बॅलेची, छापील चित्रे या संग्रहालयाकडे आहेत. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून दालनातले दिवे अगदी मंद ठेवलेले असतात, त्यात काचेवर आपलाच चेहरा उमटतो, आणि मान वाकडी केल्याशिवाय काही धड दिसत नाही.

‘ला सिल्फीद’मधली परी झालेल्या नर्तकी मारी ताल्योनीच्या एका शिळाछापापुढे, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रापुढे, मी बराच वेळ उभी राहिले. मूळ चित्र शालों या चित्रकाराचे. दगडावर तेलकट खडू फिरवल्याचा दाणेदार पोत तिच्या गालावरसुद्धा जाणवतो, आणि पंखांवर हाताने भरलेला फिकट निळा रंग रेषेबाहेर केसभर ओघळला आहे. पायाचा अंगठा जमिनीला जेमतेम टेकलेला. पण जमीन कुठली? फळ्या नाहीत, विंगा नाहीत, तारा नाहीत, दिवे नाहीत. मागे झाडांचे चार धुरकट आकार तेवढे. मी नेपथ्य पाहायला एवढ्या लांब यावे आणि चित्रकाराने नेमके तेच पुसून टाकावे, याचा मला खरोखर राग आला.

कारण पुसण्याजोगे तिथे पुष्कळ होते. ल पेल्तिएच्या थिएटरात १८२२ साली ‘अलादिन’ या ऑपेरासाठी गॅसचे दिवे आले, त्याचे नेपथ्य सिसेरी या नेपथ्यकाराचे आणि पुढे छायाचित्रणामुळे जगप्रसिद्ध झालेल्या दागेरचे. गॅसची ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येत असल्याने सिसेरीला चांदणे रंगवता आले, आणि ‘ला सिल्फीद’मध्ये त्याच्या अरण्यातून नर्तकी तारांवर तरंगत गेल्या. एकदा दोघीजणी अधांतरी अडकल्या आणि त्यांना सोडवायला एक कामगार जिवावर उदार होऊन छतावरून दोराने खाली उतरला, असे तेओफिल गोत्ये या लेखक-समीक्षकाने लिहून ठेवले आहे. १८६२ साली तालमीत एमा लिव्री या नर्तकीच्या झग्याने गॅसच्या ज्योतीवर पेट घेतला आणि पुढच्या वर्षी ती गेली. शिळाछापात यातले काही नाही. यंत्रे लपवण्याचे जे काम रंगमंचाला कधीच पुरते साधले नाही, ते छापखान्याने बिनबोभाट पार पाडले, आणि घरी चित्र विकत नेणाऱ्याला तेच हवे होते.

एका नृत्याने मात्र चित्रकारांची पंचाईत केली. लंडनमध्ये १८४३ साली झालेल्या ‘ओंदीन’ या बॅलेमध्ये जलपरी झालेली फॅनी चेरितो चांदण्यात स्वतःच्या सावलीबरोबर नाचते, नेपथ्य विल्यम ग्रीव्हचे होते. सावली काढायची तर ती पडायला जमीन लागते, आणि जमीन आली की प्रकाश कुठल्या बाजूने येतो तेही दाखवावे लागते. नेपथ्याच्या दृष्टीने या नाचाचे चित्र मला ताल्योनीच्या सगळ्या सुंदर चित्रांपेक्षा मोलाचे वाटते.

याच संग्रहालयात देगा या फ्रेंच चित्रकाराचे १८७६ चे एक तैलचित्र आहे. ते छापील नाही. तरी पाय कितीही दुखत असले तरी ते चुकवू नये. ‘रोबेर ल द्याब्ल’ या ऑपेरातला मृत जोगिणींचा नाच त्यात आहे, आणि मागे मठाच्या कमानींवर सिसेरीने १८३१ साली योजलेले चांदणे पडले आहे. नर्तकी म्हणजे नुसते पांढरे फराटे. ठसठशीत आहेत ती पुढे बसलेल्या वादकांची आणि प्रेक्षकांची डोकी, आणि त्यांतला एक गृहस्थ दुर्बीण लावून रंगमंच सोडून भलतीकडेच पाहतो आहे. देगाने कोणाची भीडभाड ठेवलेली नाही, म्हणूनच रंगमंचाची पुढची कड मला अखेर त्याच्याकडे पाहायला मिळाली.