जुनी कॅम्पर व्हॅन आणि आरसीवरचा तेरा आकडा

आम्ही विकत घ्यायला निघालो होतो त्या कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीत, पुढे दोन सीट्स, मागे समोरासमोर दोन, मग छोटा ओटा, शेगडी आणि शेवटी आडवा पलंग. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र लिहिलेलं: आसनक्षमता १३. या एका आकड्यापायी आमचा जून ते सप्टेंबर गेला. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून काढते आहे.

गाडी २०११ ची टेम्पो ट्रॅव्हलर. डिझेल, पांढरी पाटी, एकाच मालकाची. मालक निवृत्त काका. त्यांनी २०१८ मध्ये ओळखीच्या सुताराकडून आतलं सगळं काम करून घेतलं आणि काकूंबरोबर चार वर्षं भरपूर हिंडले. काकू गेल्या तेव्हापासून गाडी दारात उभी. नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा एकेका गावात मुक्काम करत करायचा, हे आमचं फार जुनं ठरलेलं. काकांनी ६,४०,००० सांगितले, ५,७५,००० वर जमलं, २०,००० टोकन दिलं.

टोकन देताना मी साध्या कागदावर एक ओळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या: ‘आरटीओकडून कागदपत्रांत अडचण निघाल्यास टोकन पूर्ण परत.’ नवरा म्हणाला, एवढ्या सज्जन माणसासमोर हे बरं दिसत नाही. पण त्या ओळीचा मला आजही अभिमान आहे.

गाडी तपासण्यात फारसा वेळ गेला नाही. मेकॅनिकने खालून-वरून बघितली, इंजिन पास केलं. छताला हवेसाठी कापलेल्या खिडकीभोवती पाणी मुरत होतं आणि गादीखालचं प्लायवुड काळं पडलं होतं, ते आम्ही किमतीत धरलं. (अशी गाडी बघायला पावसाळ्यातच जा. उन्हाळ्यात सगळी छपरं कोरडी असतात.)

मग सुरू झालं आरटीओ.

पहिल्या दिवशी ट्रान्सफरच्या खिडकीवर गेलो. फॉर्म २९, ३०, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं बघून बाई म्हणाल्या, “कागद पूर्ण आहेत, होऊन जाईल.” मी आपणहून विचारलं, “आत पलंग आहे, सीट्स चारच आहेत, चालेल ना?” त्यांनी मान वर करून बघितलं. “ते आमच्याकडे नाही. शेजारी विचारा.” शेजारी उत्तर मिळालं, “हा फेरफार झाला. मंजुरीचा कागद कुठंय?” काकांकडे तसला कागद नव्हताच, आणि तो लागतो हे त्यांना कधी कुणी सांगितलंही नव्हतं. तिसऱ्या खिडकीवर कळलं की हे निरीक्षक साहेबच सांगतील आणि साहेब आज तालुक्याला कॅम्पला गेलेत. पुढच्या मंगळवारी या.

मंगळवारी गेलो. साहेब पासिंगच्या मैदानावर. मैदानावर गेलो. साहेब नुकतेच गेले. त्यापुढच्या वेळी सर्व्हर बंद. एका खेपेला मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागे आणि नवऱ्याला चाळीस किलोमीटर गाडी चालवावी लागे.

बाहेर एजंट होताच. “मॅडम, कशाला जिवाला त्रास? तेरा सीट्स मी आणून देतो. पासिंगच्या दिवशी बसवायच्या, संध्याकाळी काढायच्या. सगळे असंच करतात.” नवरा दोन मिनिटं विचारात पडला. मी नाही म्हटलं. विम्याच्या पॉलिसीवरही तेरा सीट्सच लिहिलेल्या होत्या. उद्या घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने आत ओटा, शेगडी बघितली, तर क्लेम नाकारायला त्याला दुसरं कारण शोधावं लागणार नाही. त्या पलंगावर आमची नात झोपणार होती. खोट्या सीट्सवर मिळालेली सही मला नको होती.

शेवटी जुलैत लेखी अर्ज दिला. प्रश्न एकच: या गाडीचा वर्ग ‘ओम्नी बस (प्रायव्हेट युज)’ बदलून ‘कॅम्पर व्हॅन (प्रायव्हेट युज)’ असा करून मिळेल का, आणि त्यासाठी काय लागेल? दोन्ही वर्ग त्यांच्याच ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आहेत, मी काही जगावेगळं मागत नव्हते. आवक शिक्का मारून घेतला. तेवीस दिवसांनी विचारायला गेले तर अर्ज सापडेना. शिक्क्याची झेरॉक्स दाखवल्यावर सापडला, दुसऱ्याच गठ्ठ्यात. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्याचं आपण कौतुक केलं. आणि खिडकीवर मात्र ‘कॅम्पर व्हॅन’ म्हटलं की समोरचा माणूस दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. हे मला खरोखर लागलं.

निरीक्षक साहेब अखेर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भेटले. माणूस नीट बोलणारा निघाला. माझ्या मोबाइलवरचे फोटो बघितले, आरसी बघितली आणि चार मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. ट्रान्सफर कागदांवर होतो, तिथे आत कुणी डोकावत नाही, म्हणून खिडकीवर ‘होऊन जाईल’ म्हणतात. पण ऑक्टोबर २०२६ ला गाडीला पंधरा वर्षं होतात. नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवायची तर गाडी प्रत्यक्ष समोर आणावी लागते. “तेव्हा मी आरसी बघणार आणि आतही बघणार. जुळलं नाही तर सही करणार नाही.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी सांगितलं: कंपनीने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. दंडाचं कलम वेगळं आहे, दर फेरफारामागे ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद. “मंजुरी आधी घ्यायची असते, ताई. सात वर्षांपूर्वी सुताराने केलेल्या कामाला आज मी कसली मंजुरी देऊ?”

बाहेर येऊन आम्ही दोघं चहाच्या टपरीवर गप्प बसलो. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. कुणीतरी एकदाचं स्पष्ट बोललं होतं. हीच चार मिनिटं जूनमध्ये मिळाली असती तर!

गाडी घ्यायची नाही, हे आम्ही घरी पोचायच्या आधी ठरवलं. एका वर्षासाठी पावणेसहा लाख घालून पुढे तेरा सीट्स शोधत फिरायचं बळ आमच्यात नाही.

तुम्ही अशा गाडीच्या मागे असाल तर पलंग, पडदे बघण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. वाहनाचा वर्ग, आसनक्षमता, नोंदणीची तारीख आणि बँकेचा बोजा आहे का, एवढं वाचा. वर्ग जुळत नसेल तर पेट्रोल जाळून बघायला जाऊच नका. मालक म्हणाला ‘सगळे असंच चालवतात’, तरी त्याच्यावर विसंबू नका. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला आधी हातात पडू द्या. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात, त्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

आणखी एक राहिलं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. आमच्या त्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसत होते आणि होते नऊ वर्षांचे. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड इंजिनाचा धूर खरं सांगतो. आणि जादा बॅटरीची वायर कुठून घेतलीय ते बघा. फ्यूज नसेल आणि शेजारीच गॅसची नळी जात असेल तर आमच्या मेकॅनिकसारखं आधी ते कनेक्शन काढायला लावा.

टोकन काकांनी दुसऱ्याच दिवशी परत केलं. कागद त्यांना दाखवावाही लागला नाही. परवा त्यांचा फोन आला. जुन्या सीट्स त्यांनी तेव्हाच भंगारात दिल्या होत्या. आता पलंग काढून गाडी पुन्हा होती तशी करायची, असं त्यांनी ठरवलंय. ओट्याला मात्र हात लावायचं धैर्य होत नाही म्हणाले, तो काकूंच्या उंचीने बसवलेला आहे. मी त्यांना माझ्या अर्जाची झेरॉक्स आणि त्या निरीक्षकांचा भेटायचा वार कळवला.