शिलोहाचा बुरूज आणि दिवे घाट

नाना पेठेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला वारी नवी नसते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, तेव्हा आमच्या गल्लीतला नळ गल्लीचा राहत नाही. आमचे घर ख्रिस्ती. पण आई होती तोवर त्या दोन दिवसांत ती पहाटे चार वाजता तांब्याचा बंब पेटवायची आणि समोरच्या शाळेत उतरलेल्या बायकांना आंघोळीला गरम पाणी द्यायची. बंबात घालायच्या ढलप्या आदल्या रात्री फोडून ठेवणे हे माझे काम असे. इतक्या वर्षांत मी पालखी असंख्य वेळा पाहिली, पण तिच्याबरोबर कधी चाललो नव्हतो. जून २०२२ मध्ये मी पुणे ते सासवड हा एकच टप्पा चाललो आणि त्याचे कारण एप्रिल २०२० मध्ये माझ्या तोंडून गेलेले एक वाक्य होते.

त्या वर्षी ९ मार्चला राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण आमच्या पुण्यातच सापडले. पंधरवड्यात सगळे बंद झाले, देवालयाचे दारही. रविवारची उपासना होईना, म्हणून आमच्या मंडळीतली तीस-पस्तीस माणसे संध्याकाळी फोनवर एकत्र प्रार्थना करू लागली. मी पाळक नाही, पण पाळकसाहेबांच्या गैरहजेरीत वचन सांगण्याचे काम अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी मी आमोस संदेष्ट्याचा चौथा अध्याय वाचला. देवाने दुष्काळ दिला, पाऊस आवरून धरला, पिकांवर तांबेरा पाठवला, मिसर देशातल्यासारखी मरी पाठवली आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच तक्रार केली, की तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. वाचून झाल्यावर मी माझ्या मनचे पुढे जोडले. मी म्हणालो, "ही मरी म्हणजे देवाचा न्यायनिवाडा आहे, ज्यांनी त्याला सोडले, त्यांच्या दारापर्यंत ती आली आहे." फोनवर बऱ्याच जणांनी आमेन म्हटले.

सप्टेंबरमध्ये मंडळीतल्या एका ताईंचे यजमान गेले. अकरा दिवस ते रुग्णालयात होते आणि अखेरीस ताईंना त्यांचा चेहराही पाहता आला नाही. आठवडाभराने मी सांत्वनासाठी फोन केला, तेव्हा त्यांनी फार शांतपणे विचारले, "दादा, ते आमोसाचे वचन आमच्या घरासाठी होते का?" मी "देवाची इच्छा" असे काहीतरी पुटपुटलो. देवालय पुन्हा उघडल्यावर सगळे आले, त्या आल्या नाहीत.

दोन वर्षे पायी वारीही झाली नव्हती. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सासरची, औसा तालुक्यातली दिंडी दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर असते. २०२२ मध्ये वारी पुन्हा निघणार असे कळल्यावर त्यांनी नेहमीसारखे विचारले, "येता का सासवडपर्यंत?" आणि या वेळी मी हो म्हणालो. मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती म्हणूनच चालेन, भजनाला माझा आवाज नसेल, हे मी त्यांना आधी सांगितले. ते म्हणाले, "पाण्याचे कॅन उचलायला तर हात असतील ना?"

पहाटे अंधारातच निघालो. टाळांच्या ठेक्यावर पावले आपोआप पडतात, हे ऐकून माहीत होते. अंगात भिनते कसे, ते त्या दिवशी कळले. आमच्या शास्त्रातही चालण्याची गीते आहेत. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. मी ती मनात म्हणत होतो आणि बाहेर 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चालू होते. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत असत. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना ते वाक्य पाठ आहे, पण तो पूल पायाखाली आल्यासारखे मला प्रथमच वाटले.

हडपसरला विसावा झाला. तिथून ससाणे मळ्याचा भाग जवळ आहे, हे बरोबरच्या कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून मीच सांगत बसलो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत फुले यांनी तिथे दवाखाना मांडला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घालून तिथे आणले, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच सुमाराला, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना गोळा करत होत्या. त्यांतल्या कितीतरी पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी आई, वडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती. देवाच्या न्यायावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कितीतरी गाढ होता. पण भुकेल्या मुलीला समोर बसवून हा दुष्काळ कोणाच्या पापाने पडला, हे त्या समजावत बसल्या नाहीत. आधी भाकरी दिली, मग अक्षरे शिकवली. हे सगळे मला वर्षानुवर्षे माहीत होते. रमाबाईंवर मी मंडळीत दोनदा बोललोही होतो. तरी एप्रिल २०२० मध्ये ते माझ्या उपयोगी पडले नाही.

दुपारी वडकी नाल्यावर जेवण झाले आणि दिवे घाट लागला. माउलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणाने चढत जाणारी पताकांची रांग, आणि मध्येच एखादी सर. माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता, म्हणून मी कडेच्या कठड्याशी बसलो. दिंडीतल्या एक बाई माझ्याजवळ थांबल्या. पंचावन्नच्या आतबाहेरचे वय, डोक्यावर तुळशीवृंदावन. ते त्यांनी पुढे दुसऱ्या बाईकडे दिले, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धोतराची पट्टी काढली आणि माझे काही न ऐकता टाच बांधून दिली. मला संकोच झाला. मी म्हणालो, "माउली, मी ख्रिस्ती आहे." त्या म्हणाल्या, "आमच्या सरकारी दवाखान्यात तुमच्यातली नर्सबाई हाय की. लई गुणाची." आणि गाठ मारली.

पुढचा घाट आम्ही बरोबर चढलो. औसा तालुका म्हटल्यावर मी किल्लारीचा विषय काढला. काढायला नको होता, असे लगेच वाटले, पण त्या बोलू लागल्या. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र. "गणपती बुडवून आल्यालो, समदी दमून निजलेली. उजाडायच्या आत जमीन हालली. दगडमातीची भित, वर माळवद. माळवद म्हंजी हातभर माती. माझी धा महिन्याची लेक पाळण्यात व्हती." त्या दहाएक पावले काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावकीतलेच म्हनले, गावाला पाप भोवलं. धा महिन्याच्या लेकरानं काय पाप केलं असंल, तुम्ही सांगा. चार वर्सं म्या देवाचं नाव घेतलं न्हाई. मग सासूनं वारीला आनलं. ती काय बी समजावून सांगितली न्हाई. नुसती संगं चालली."

मी काही बोलू शकलो नाही, कारण त्या भावकीतला एक जण मीही होतो. आणि त्या वेळी, घाटाच्या मधोमध, लूकच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय माझ्यापुढे उभा राहिला. तो मी शेकडो वेळा वाचलेला आहे. यज्ञ करणाऱ्या गालीली लोकांना रोमी सुभेदार पिलाताने तिथेच मारल्याची बातमी काही जण येशूला सांगतात. बातमी सांगणाऱ्यांच्या मनात काय आहे ते ओळखून प्रभू विचारतो, की ते इतर गालीलकरांपेक्षा अधिक पापी होते म्हणून असे झाले, असे तुम्हांला वाटते काय? आणि आपणहून दुसरे उदाहरण देतो. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अपराधी होती काय? एक जुलूम, एक अपघात. दोन्हींना त्याचे उत्तर एकच आहे: नाही. माळवदाखाली मेलेल्यांनाही तेच उत्तर लागू आहे, हे माझ्या लक्षात यायला माळवद पाहिलेले माणूस शेजारी असावे लागले. भिंत मातीत रचलेल्या दगडांची आणि छत मणामणाचे असेल, तर हादऱ्यासरशी ते खाली येणारच, मग आत निजलेला पापी असो की तान्हा असो.

पण प्रभू तिथे थांबत नाही, आणि या जागी मी आजच्या अनेक भल्या ख्रिस्ती मित्रांपासून वेगळा पडतो. संकटाचा आणि न्यायाचा काही संबंध नाही, देव केवळ प्रेमळ आहे, असे म्हणून ते मोकळे होतात. प्रभू म्हणतो, "तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचाही असाच नाश होईल." न्याय आहे. तो मी पुसून टाकला, तर वधस्तंभावर नेमके काय घडले, हेच मला सांगता येणार नाही. कारण जगाचा न्याय करणाऱ्याने तो न्याय स्वतःवर घेतला, ही माझी श्रद्धा आहे आणि तिच्यावाचून माझ्याजवळ दुसरे काही नाही. फक्त बुरूज पडल्यावर त्याचे बोट ढिगाऱ्याखालच्या अठरांकडे वळत नाही. ते बातमी घेऊन आलेल्या, धडधाकट उभ्या असलेल्या माणसांकडे वळते. आमोसही हेच करत होता. तो मेलेल्यांचा हिशोब मांडत नव्हता, वाचलेल्यांना "वळा" म्हणत होता. मी ते वचन वाचले बरोबर आणि रोखले उलट्या बाजूला.

लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. तीन वर्षे फळ नाही, मालक तोडून टाक म्हणतो, आणि माळी विनवतो, की धनी, एवढे एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालतो. करोनातून जे वाचलो, त्या आम्हांला मिळालेली मुदत मला या दाखल्यात दिसली. आम्ही निर्दोष होतो म्हणून ती मिळाली नाही. कोणीतरी विनंती केली म्हणून मिळाली.

त्या बाईंच्या पुढे तुकोबांचा अभंग चालला होता. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली, आणि तरी ते लिहून गेले, "बरी या दुष्काळें पीडा केली". अनुतापाने तुझे चिंतन राहिले, असे त्याचे कारणही देतात. हे वाक्य मला पूर्वी कठोर वाटे. त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली, की ते त्यांनी स्वतःबद्दल म्हटले आहे. देहूतल्या दुसऱ्या एखाद्या घरी, जिथे माणूस उपासमारीने गेले, तिथे जाऊन "बरे झाले, दुष्काळाने तुम्हांला पीडा केली" असे ते म्हणाले असते, तर तेच शब्द पाषाणासारखे लागले असते. वारकरी संप्रदायाचा प्रारब्धाचा विचार आणि आमचा पापक्षमेचा विचार एक नाहीत, आणि ते एक आहेत असे मी कोणाला भासवणार नाही. पण अनुताप हा प्रथमपुरुषी शब्द आहे, एवढे मला तुकोबांनी घाटात शिकवले.

त्या सासूबाईंचा मी अजूनही विचार करतो. आमच्या शास्त्रातल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्या दुःखाची वार्ता ऐकून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. पुढे तोंड उघडून त्यांनी जो न्यायाचा सिद्धान्त मांडला, त्याबद्दल देवाने त्यांना दोष दिला. मी त्यांचे मौनाचे सात दिवस गाळून थेट त्यांच्या भाषणापासून सुरुवात केली होती, आणि वयाची साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर शास्त्र वाचणाऱ्या माणसाने तसे करावे, याची मला त्या चढावर अतिशय लाज वाटली.

सासवडला पोचेतो दिवस मावळला. सोपानकाकांच्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दिंडीच्या राहुटीत चहा मिळाला, त्या बाईंनी माझ्या टाचेची पट्टी बदलली आणि मला पुण्याची बस कुठून मिळेल, ते एका पोराला दाखवायला सांगितले. बसच्या रांगेत उभा असताना मी ताईंना फोन लावला. पावणेदोन वर्षांत लावला नव्हता. त्यांनी उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

मी म्हणालो, "ताई, तुम्ही मला आमोसाच्या वचनाबद्दल विचारले होते. ते तुमच्या घरासाठी नव्हते. ते माझ्यासाठी होते, आणि मी ते तुमच्या अंगावर टाकले. मला क्षमा करा."

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मला वाटले, फोन बंद झाला.

"इतका गलका कसला आहे, दादा? कुठे आहात?"

"सासवडला. पालखीबरोबर आलो."

"पायी?"

"हो."

"या वयात," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "घरी गेल्यावर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा. हे दरवर्षी तसेच करायचे, पेठेत वारकऱ्यांच्या पायांना."